इंजिनच्या व्हॉल्व्हमधील बिघाड : लक्षणे ओळखा, नुकसान टाळा

गव्हाच्या पिकास मुकुटमुळे फुटण्याच्या अवस्थेत, म्हणजे पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, पाणी देणे अत्यंत महत्त्वाचे असते. ही पाळी चुकली तर फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ती उणीव भरून निघत नाही. प्रस्तुत लेखक कृषिविद्येचा अध्यापक आहे, यंत्रांचा नव्हे. तरीही इंजिनाच्या व्हॉल्व्हवर लिहिण्याचे कारण म्हणजे अशीच एक चुकलेली पाळी.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या शेतावर डिझेल इंजिनने नेमका याच वेळी दगा दिला. सकाळी थंड असताना इंजिन दोन फेऱ्यांत सुरू होई. परंतु तास-दीड तास चालल्यावर काही कारणाने बंद केले की पुन्हा सुरू होत नसे. दोन माणसे हँडल मारून थकत. गावातील कारागिराने रिंगा गेल्याचे निदान केले. पिस्टन व रिंगा बदलण्यात नऊ दिवस गेले. नवे भाग बसले, पण दुखणे तसेच राहिले. अखेर कृषी अभियांत्रिकी विभागातील एका सहकाऱ्याने येऊन फक्त रॉकरवरचे झाकण काढले. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या टॅपेटमध्ये फटच उरलेली नव्हती. व्हॉल्व्हची कड जळाली होती. व्हॉल्व्ह बदलून, सीट घासून अर्ध्या दिवसात इंजिन पूर्ववत झाले. गव्हाला पहिले पाणी मात्र एकतिसाव्या दिवशी मिळाले. शेजारच्या वाफ्यातील आणि आमच्या गव्हातील फुटव्यांचा फरक बांधावरून दिसत होता.

या अनुभवाचे सार असे की, व्हॉल्व्ह एकाएकी निकामी होत नाही. तो बरेच दिवस आधी सूचना देत असतो. ती सूचना ओळखता आली, तर खर्च व वेळ दोन्ही वाचतात.

व्हॉल्व्हचे कार्य

व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरच्या तोंडावरील झडप. प्रत्येक सिलिंडरला किमान दोन व्हॉल्व्ह असतात. इनलेट व्हॉल्व्हमधून हवा आत येते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून जळालेला वायू बाहेर जातो. हवा आत घेणे, ती दाबणे, इंधन जळून शक्ती मिळणे आणि धूर बाहेर टाकणे असे चार टप्पे क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होतात. यांपैकी हवा दाबण्याच्या व शक्ती मिळण्याच्या टप्प्यांत दोन्ही व्हॉल्व्ह आपल्या सीटवर घट्ट बसलेले असणे आवश्यक असते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारणपणे मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. त्यामुळे ती इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. व्हॉल्व्ह गळू लागला की दाब कमी पडतो, दाब कमी पडला की हवा पुरेशी तापत नाही आणि डिझेल नीट जळत नाही. इंजिनाच्या अनेक तक्रारींचे मूळ एवढ्यातच असते.

व्हॉल्व्हवर कामाचा ताण किती असतो हेही लक्षात घ्यावे. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा उघडतो व मिटतो. आठ तास पंप चालविल्यास ही संख्या ३ लाख ६० हजार होते. त्यातही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सतत तप्त वायूच्या झोतात असतो. त्याला मिळालेल्या उष्णतेपैकी बहुतांश उष्णता तो सीटवर टेकलेला असतानाच हेडकडे जाते. टेकणे अपुरे झाले की उष्णता बाहेर पडत नाही, कड तापून जळते आणि त्या जळक्या खाचेतून वायू आणखी जोराने सुटतो. म्हणूनच लहान गळती थोड्याच काळात मोठी होते.

टॅपेटची फट : आवाज करणारी व न करणारी

व्हॉल्व्हची दांडी आणि रॉकर यांच्यामध्ये थोडी फट ठेवलेली असते. तिलाच टॅपेट क्लिअरन्स म्हणतात. इंजिन तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. त्या वाढीसाठी ही जागा असते. फट किती असावी हे उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ती मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते आणि पुष्कळ इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट इनलेटपेक्षा थोडी जास्त असते.

फट वाढली तर रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो आणि ‘टिक टिक’ असा आवाज येतो. व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही व भागांची झीज होते. हा आवाज कानावर पडत असल्याने शेतकरी त्याकडे लक्ष देतात. याउलट फट कमी झाली तर आवाज येत नाही. उलट इंजिन अधिक शांत चालल्यासारखे वाटते. परंतु तापल्यावर दांडी लांबून रॉकरला टेकते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळू लागतो. सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकला म्हणजे ही फट आपोआपच कमी होत जाते. म्हणून वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा न वाजणारा घट्ट टॅपेट अधिक घातक समजावा.

बिघाडाची प्रमुख लक्षणे

१) सुरू होण्यास त्रास : हँडल हलके लागते व इंजिन पेट घेत नाही. थंड असताना सुरू होणारे इंजिन गरम झाल्यावर पुन्हा सुरू होत नसेल, तर प्रथम टॅपेटची फट तपासावी. झिजलेल्या फ्युएल पंपामुळेही असे घडू शकते. परंतु फट तपासण्यास खर्च नाही, म्हणून सुरुवात तेथून करावी.

२) शक्ती कमी होणे : त्याच विहिरीवर, त्याच पाईपलाईनवर पाण्याची धार कमी पडते. ट्रॅक्टर नेहमीच्या गिअरमध्ये नांगर ओढताना दबतो. त्याच कामास डिझेल जास्त लागते. मात्र पंपाचा फुटव्हॉल्व्ह, सक्शन पाईपमधील हवा आणि डिझेल फिल्टर यांची आधी खात्री करून घ्यावी.

३) ठोका चुकणे : सायलेन्सरचा आवाज एकसारखा येत नाही, मधूनच एखादा ठोका पोकळ किंवा मऊ येतो. अनेक सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह गळत असल्यास इंजिन संथ चालीवर थरथरते.

४) टिक टिक आवाज : हा आवाज हेडच्या वरच्या बाजूने येतो. त्याचा वेग इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्मा असतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक रॉकरच्या झाकणावर ठेवून मूठ कानाशी धरल्यास तो स्पष्ट ऐकू येतो. फिरते पट्टे व पंखा यांपासून मात्र दूर राहावे.

५) एअर क्लीनरमधून उलट फुंकर : एअर क्लीनरच्या तोंडाशी हवा आत ओढली जाण्याऐवजी मधून मधून बाहेर फेकली जात असेल, तर इनलेट व्हॉल्व्ह गळत आहे असे समजावे.

६) धूर : थंड इंजिन सुरू करताना किंवा बराच वेळ संथ चालवून वेग वाढविताना थोडा वेळ निळा धूर येऊन नंतर कमी होत असेल, तर व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑईल उतरत असण्याची शक्यता असते. भारावर चालताना सतत निळा धूर येणे हे प्रामुख्याने रिंगा व लायनर झिजल्याचे लक्षण आहे. सुरू करताना येणारा पांढरा, डोळे झोंबणारा धूर न जळालेल्या डिझेलचा असतो व तो कमी दाब दर्शवितो. काळा धूर मात्र जादा भार, चोंदलेला एअर क्लीनर किंवा नोझलचा दोष यांमुळेही येतो, म्हणून केवळ त्यावरून निष्कर्ष काढू नये.

घरच्या घरी करावयाची परीक्षा

हँडलने सुरू होणाऱ्या एक सिलिंडरच्या इंजिनात पुढील परीक्षा सहज करता येते.

प्रथम डिझेलचा पुरवठा बंद करावा, म्हणजे इंजिन अचानक सुरू होणार नाही. हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा. अंगठ्याची मिठी मारल्यास हँडल उलटल्यावर मनगट मोडू शकते. डिकॉम्प्रेशन लीव्हर मिटलेल्या स्थितीत ठेवून हँडल सावकाश फिरवावे. दर दोन फेऱ्यांत एकदा जोराचा विरोध जाणवला पाहिजे. त्या ठिकाणी हँडल दाबून धरावे. दाब चांगला असेल तर हँडल स्प्रिंगसारखे परत ढकलते. दाब गळत असेल तर विरोध लगेच ओसरतो आणि हवा सुटल्याचा ‘सुस्’ असा आवाज येतो. त्या वेळी दुसऱ्या व्यक्तीने आवाज कोठून येतो ते ऐकावे.

अ) एअर क्लीनरकडून आवाज आल्यास इनलेट व्हॉल्व्ह गळत आहे.
ब) सायलेन्सरकडून आवाज आल्यास एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळत आहे.
क) ऑईल भरण्याच्या तोंडातून किंवा ब्रीदरमधून आवाज आल्यास रिंगा व लायनर झिजले आहेत.
ड) हेडच्या सांध्यातून हवा येत असल्यास किंवा रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे दिसत असल्यास हेड गॅस्केट गेले आहे.

ही परीक्षा इंजिन थंड असताना व गरम असताना अशी दोनदा करावी. थंड असताना दाब चांगला आणि गरम असताना कमी आढळल्यास घट्ट टॅपेटचा संशय बळावतो. आमच्या इंजिनाची ही परीक्षा पहिल्याच दिवशी केली असती तर रिंगांचा खर्च व नऊ दिवस दोन्ही वाचले असते.

ट्रॅक्टरसारख्या अनेक सिलिंडरच्या इंजिनात मेकॅनिककडून कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब स्वतंत्र मोजून घ्यावा. एक सिलिंडर इतरांपेक्षा बराच मागे असेल तर दोष तेथे आहे. डिझेलच्या दाबाच्या नळ्यांचे नट स्वतः सैल करून पाहू नयेत. त्यातून सुटणारी बारीक धार कातडीत घुसून गंभीर इजा करते.

टॅपेट कसा लावावा

त्यासाठी दोन पाने, एक स्क्रू ड्रायव्हर आणि फिलर गेज एवढेच साहित्य लागते. फिलर गेज म्हणजे ठराविक जाडीच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा. माहितीपुस्तिकेतील आकडा थंड इंजिनासाठी आहे की गरम इंजिनासाठी, हे आधी पाहावे. त्यानंतर रॉकरचे झाकण काढून फ्लायव्हील फिरवावे व दाबाच्या टप्प्याअखेर पिस्टन सर्वांत वर आणावा. बहुतेक इंजिनांच्या फ्लायव्हीलवर त्याची खूण असते. या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. धुराच्या टप्प्याअखेरही पिस्टन वर येतो, पण तेव्हा व्हॉल्व्ह उघडमिटीच्या बेतात असतात. त्या स्थितीत लावलेली फट चुकीची ठरते.

आता सांगितलेल्या जाडीची पट्टी दांडी व रॉकर यांच्यामध्ये सरकवावी. ती किंचित घासत सरकली पाहिजे. अडकत असेल किंवा मोकळी हलत असेल तर लॉकनट सैल करून स्क्रूने फट लावावी. लॉकनट आवळताना स्क्रू फिरू देऊ नये व आवळल्यावर फट पुन्हा तपासावी. फट थोड्याच दिवसांत परत कमी होत असेल, तर केवळ टॅपेट लावून भागणार नाही. सीट झिजत आहे असे समजून हेड उतरवून घ्यावे.

हेड उतरविल्यावर कामाची खात्री

व्हॉल्व्ह घासून सीटवर बसविल्यानंतर काम नीट झाले की नाही, हे शेतकऱ्याने स्वतः पाहून घ्यावे. व्हॉल्व्हच्या कडेवर पेन्सिलीने सर्व बाजूंनी आडव्या रेघा ओढाव्यात. व्हॉल्व्ह सीटवर ठेवून पाव फेरा फिरवावा व काढावा. सर्व रेघा पुसल्या गेल्यास कड सगळीकडे टेकत आहे. एखाद्या बाजूच्या रेघा तशाच राहिल्यास तेथे गळती राहणार. स्प्रिंगा बसविल्यावर हेड उलटे ठेवून व्हॉल्व्हच्या खळग्यात थोडे रॉकेल किंवा डिझेल ओतावे. काही मिनिटे थांबूनही ते खाली पाझरले नाही तर बैठक चांगली आहे. घासण्याची पेस्ट पूर्णपणे धुऊन काढण्याचा आग्रह धरावा. ती आत राहिल्यास लायनर खाते.

व्हॉल्व्ह फार पातळ कडेचा झाला असेल, दांडी वाकली असेल किंवा कडेला खाच पडली असेल तर तो पुन्हा वापरू नये. तुटलेले डोके पिस्टनवर पडल्यास पिस्टन, लायनर व हेड तिन्ही निकामी होतात. व्हॉल्व्ह बदलताना गाइड किती झिजला आहे तेही पाहावे. सैल गाइडमध्ये नवा व्हॉल्व्हही सरळ बसत नाही.

जीप, कार किंवा पिकअप असल्यास

घरच्या वाहनालाही हेच तत्त्व लागू पडते. पेट्रोल इंजिनात व्हॉल्व्ह गळू लागल्यास संथ चालीवर थरथर, चढावर ओढ कमी होणे आणि सायलेन्सरमध्ये मधूनच फट् असा आवाज ही लक्षणे दिसतात. इंजिन संथ चालू ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी लांबून धरावी. निरोगी इंजिन तिला एकसारखे बाहेर ढकलते. पट्टी ठरावीक काळाने आत ओढली जात असेल तर जळालेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा संशय घ्यावा. प्लग व इग्निशनचा दोषही असाच भासतो, म्हणून ते आधी तपासावेत.

देशात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोलच मिळते. पूर्वीच्या पेट्रोलमधील शिशामुळे व्हॉल्व्हच्या सीटचे संरक्षण होत असे. जुनी, मऊ सीट असलेली पेट्रोल जीप आजही वापरात असल्यास किंवा गाडीवर सीएनजी किट बसविले असल्यास टॅपेटची फट अधिक वेळा तपासावी. नव्या अनेक गाड्यांत हायड्रॉलिक टॅपेट असून त्यांची फट लावावी लागत नाही. सुरू केल्यावर क्षणभर टिक टिक होऊन थांबली तर काळजी नाही. ती चालूच राहिल्यास प्रथम ऑईलची पातळी पाहावी. डॅशबोर्डवरील इंजिनाचा दिवा लुकलुकत असल्यास गाडी तशीच दामटू नये. टायमिंग बेल्ट असलेल्या गाडीत तो सांगितलेल्या मुदतीत बदलावा. बेल्ट तुटल्यास अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटून ते वाकतात.

बिघाड टाळण्यासाठी

१) एअर क्लीनर वेळेवर स्वच्छ करावा. मळणी व नांगरणीच्या दिवसांत तो रोज पाहावा. आत गेलेली धूळ गाइड व सीट झिजविते.
२) विहिरीच्या जड पाण्याने हेडच्या पाण्याच्या वाटेत क्षार साचतात व एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवतीची जागा तापते. थंड करणाऱ्या पाण्याची बाहेर येणारी धार कमी झाल्यास इंजिन थांबवून वाट साफ करावी.
३) योग्य प्रतीचे ऑईल वापरावे व मुदतीत बदलावे.
४) इंजिनावर क्षमतेपेक्षा जादा भार टाकू नये. तसेच ते विनाकारण तासन्‌तास संथ चालू ठेवू नये, त्यामुळे व्हॉल्व्हवर काजळी धरते.
५) हेडचे नट पुस्तिकेप्रमाणे पुन्हा आवळल्यास टॅपेटची फटही पुन्हा तपासावी.

रब्बीची पेरणी आटोपल्यावर पहिल्या पाण्याआधी आपणास दोन आठवडे मिळतात. बियाण्याची, खताची जशी तयारी करतो, तशीच या काळात एका सकाळी इंजिनाची हँडल परीक्षा करावी व टॅपेट तपासून घ्यावा. तपासल्याची तारीख आणि फटीचा आकडा वहीत नोंदवून ठेवावा. पुढच्या खेपेस फट वाढली की कमी झाली हे त्या नोंदीवरून कळते, आणि कमी होत असल्यास पिकाला पाणी लागण्यापूर्वी हेड उतरविण्यास अवधी मिळतो.